लंबकमहाराजांची पुस्तकनिवड

त्या रविवारी वाचनालयाच्या जिन्यावर इतकी झुंबड होती की मला, तिथल्या ग्रंथपालालाच, आत शिरायला वाट मिळेना. बारा वर्षांच्या नोकरीत भौतिकशास्त्राच्या पुस्तकांसाठी लोकांना एकमेकांच्या पायावर पाय देताना मी प्रथमच पाहत होते.

अर्थात ओढ पुस्तकांची नव्हती. टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. पांढराशुभ्र झगा, डोळे अर्धे मिटलेले, आणि उजव्या हाताच्या चिमटीत दोऱ्याला बांधलेला पितळी लंबक. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं लंबकमहाराज.

समोर चार पुस्तकं मांडलेली. तीन आमची, नवशिक्यांसाठी मुद्दाम आणलेली, सोप्या भाषेतली. चौथा महाराजांनी स्वतः लिहिलेला ठोकळा, उशाला घेता येईल एवढा जाड. वाचकाने डावा हात टेबलावर ठेवायचा आणि महाराजांनी एकेका पुस्तकावर लंबक धरायचा. तो सरळ रेषेत झुलला तर पुस्तक लाभत नाही. गोल फिरला तर हेच ते!

“वाचक पुस्तक निवडत नाही, ताई,” महाराज मला म्हणाले. “पुस्तकच वाचकाला निवडतं. अणूअणूला ओढ असते. मी नुसता निरोप्या. पुस्तक भिंतीपलीकडे असलं तरी याला कळतं.”

लंबक फिरायचा तो दर वेळी ठोकळ्यावरच. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. माझी सख्खी मावशी, पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई, तीसुद्धा ठोकळा विकत घेऊन, छातीशी धरून आली.

“अगं, काय गरागरा फिरला! काटा आला अंगावर.”

“आत काय लिहिलंय, मावशी?”

“ते कुठं कळतंय! पण कंपनं जाणवतात ना.”

मग गवंडीकाकांची पाळी आली. सातवीत शाळा सुटलेला हा माणूस रोज संध्याकाळी काम आटोपून येई आणि मला प्रश्न विचारून हैराण करी. ओली वाळू मुठीत राहते, कोरडी का सांडते? ओल्या भिंतीला हात लावला की गार का लागतं? शेवटी मीच म्हटलं होतं, रविवारी या, तुमच्याजोगं पुस्तक काढून ठेवते.

काकांनी टेबलावर हात ठेवला आणि भाबडेपणाने विचारलं, “हे जाडजूड नको. ते बारकं चित्रांचं चालेल का?”

महाराजांच्या कपाळावर आठी चढली. लंबक चारही पुस्तकांवर सरळच झुलला.

“तुमची कंपनं जड आहेत. भौतिकशास्त्र या जन्मी तुम्हाला नाही.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. काकांनी उचललेलं ते बारकं पुस्तक टेबलाच्या कडेला नीट सरळ लावून ठेवलं, वीट ठेवावी तसं, आणि निघून गेले. त्यातच आमच्या अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं की विज्ञानाच्या नव्या कपाटातलं एकूणएक पुस्तक पुढच्या रविवारी महाराजच निवडतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकांच्या कामावर गेले. ते एका नव्या भिंतीपाशी उभे होते. मला पाहून ओशाळले.

“काका, त्या लंबकाचं मनावर घेऊ नका हो.”

“लंबक कसला, ताई? ओळंबाच तो.” त्यांनी पिशवीतून स्वतःचा ओळंबा काढला, दोरीला लोखंडी वजन. “तीस वर्षं वापरतोय. हातात धरला की हलणारच. नुसता श्वास घेतला तरी हलतो. म्हणून तर आम्ही खिळ्याला टांगतो.” बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. “काय हो, त्यांचा खिळ्याला टांगला तर?”

“तर म्हणतील, जिवंत हात लागतो.”

“मग हात त्यांचाच ठेवू. पुस्तकं झाकू.”

शेजारच्या दुकानातून मी चपलांची पाच खोकी आणली, अगदी एकसारखी. चारांत ती चार पुस्तकं घातली. ठोकळा कसाबसा मावला. पाचव्यात विणकामाच्या नमुन्यांचं पुस्तक. वजन सारखं व्हावं म्हणून हलक्या खोक्यांत रद्दी भरली. मग खोकी चिकटपट्टीने बंद केली. रविवारी मी बाहेर थांबले आणि काकांनी ती उलटीपालटी करून मांडली. कुठल्या खोक्यात काय, हे आता मला माहीत नव्हतं आणि काकांनाही.

“महाराज,” मी सगळ्यांसमोर हात जोडून म्हटलं, “भिंतीपलीकडचं ज्याला कळतं, त्याला पुठ्ठा काय जड? एवढं दाखवाच.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांना नाही म्हणता येईना.

पहिला हात मावशीचा. लंबक जरा अडखळला, मग तिसऱ्या खोक्यावर गोल फिरला. खोकं उघडलं. आत विणकामाचं पुस्तक, वर लोकरी मोज्यांचं चित्र.

“मी विणतेच की!” मावशी म्हणाली. “बरोबर ओळखलं.”

“मग गेल्या रविवारी ठोकळा आणि आज हे, असं कसं?” मी विचारलं.

दुसरा हात खुद्द अध्यक्षांचा. उरलेल्या चारांतून लंबकाने आमचं सगळ्यात बारकं चित्रांचं पुस्तक निवडलं. तेवढ्यात काका नम्रपणे म्हणाले, “आता महाराजांनी स्वतःचा हात ठेवावा. त्यांचं पुस्तक त्यांना नक्की ओढेल.” महाराजांनी घाम पुसला. लंबक एका खोक्यावर ठाम सरळ झुलला: हे लाभत नाही. उघडलं, तर ठोकळा!

अख्खं वाचनालय खदाखदा हसलं. “पुठ्ठ्याने लहरी अडतात,” महाराज पुटपुटले.

“आणि भिंतीने नाही?” हे विचारलं मावशीने.

मग काकांनी मावशीच्या चिमटीत आपला ओळंबा दिला. “ताई, हात हलवू नका. नुसतं बघा आणि मनात म्हणा, गोल फीर.”

अर्ध्या मिनिटात ओळंबा फिरू लागला. “अगं बाई, मी काहीच करत नाहीये!” मावशी किंचाळली. तिला डोळे मिटायला सांगितलं. गोल बिघडला, वाकडातिकडा झाला. काकांनी तोच ओळंबा खिळ्याला टांगला, खाली ठोकळा ठेवला. सगळे टक लावून बसले. ओळंबा डुलत डुलत थांबला आणि मग ढिम्म हलेना.

गुपित एवढंच. डोळे बघतात, मन इच्छा करतं आणि बोटं आपल्याही नकळत केसभर हलतात. तो केसभर धक्का झोक्याच्या लयीत पुन्हा पुन्हा बसला की झोका वाढत जातो. महाराजांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. ठोकळ्यांचे गठ्ठे मात्र ते येतानाच बांधून आणत होते. जाताना ते त्यांचे त्यांनाच उचलावे लागले.

त्या दिवशी लोक मला विचारू लागले, मग पुस्तक निवडायचं कसं? उत्तर काकांनी दिलं, कृतीनेच. त्यांनी एक पुस्तक मधूनच उघडलं, ओठ हलवत एक पान वाचलं, दोन ठिकाणी अडले, मिटून ठेवलं. दुसरं उघडलं. वाचता वाचता मान डोलावली आणि मावशीला म्हणाले, “ऐका, झोका जोरात हवा असेल तर ढकलायचा कधी, ते सांगतो.” मावशीला कळलं. पुस्तक ठरलं.

तुम्हीही असंच करा. कुणाच्या चिमटीवर विसंबू नका. एक पान वाचा, कुणाला तरी समजावून बघा. जमलं तर ते पुस्तक तुमचं. नाहीच जमलं, तर खोट तुमच्या कंपनांत शोधू नका. शेजारचं पुस्तक काढा. ते काढायला माणसाला स्वतःचा हात पुरतो.