मांडीचं हाड

पैलवानाने गोळ्यांची अख्खी बाटली खोलीतल्या बेसिनमध्ये रिकामी केली आणि वरून नळ सोडला, तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. अकराला शरीररचनेची तोंडी परीक्षा.

घुबडाची ही तिसरी खेप होती. आज आपटला की कॉलेजातून नाव कट. चार दिवस पठ्ठ्या झोपला नव्हता. काळा चहा, बिस्किटं आणि जागं राहायच्या त्या गोळ्या, बस्स. वर्गाने घुबड हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. त्याच्या खोलीत राहणारा पैलवान मात्र नावाचाच पैलवान. अंगावर मूठभर मांस नाही, पण रोज जोर काढायचा, वेळेवर जेवायचा आणि दहाच्या ठोक्याला घोरायला लागायचा. असल्या माणसाचा राग येणार नाही तर काय होईल!

"काय केलंस रे हे?"

"तुझा जीव वाचवला. हात बघ कसे लटलटतायत. तीन तास पड, मी उठवतो. आईशप्पथ उठवतो."

"अजून मणके व्हायचेत माझे!"

"असाच मेलास तर तुझेच मणके पुढच्या बॅचला कामी येतील."

एरवी या थट्टेवर दोघं पोट धरून हसले असते. आज घुबडाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने पैलवानाची मानगूट धरली आणि डोकं आरशावर हाणलं. आरसा तडकला. एकदा हाणून भागलं नाही म्हणून पुन्हा हाणलं. पैलवानाच्या कपाळातून रक्ताची धार लागली. तोही काही मातीचा नव्हता. त्याने घुबडाच्या मनगटाचा कचकन चावा घेतला आणि पोटात गुडघा घातला. दोघं धडपडत हाडांच्या पेटीवर कोसळले. दोघांनी मिळून सीनियरकडून घेतलेली ती पेटी. बरगड्या, मणके खोलीभर उधळले.

घुबडाच्या हाताला मांडीचं हाड लागलं. सगळ्यांत लांब, सगळ्यांत मजबूत, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि खाली पडलेल्या पैलवानाच्या उजव्या खांद्यावर घातलं. दुसरा घाव घातला, तेव्हा कट्ट आवाज झाला.

पैलवान गुरासारखा ओरडला. घुबडाने तिसऱ्यांदा हाड उगारलं होतं हो! खोटं कशाला सांगू? पण पैलवानाचा पांढराफटक चेहरा दिसला आणि हाड हातातून गळून पडलं.

आरडाओरडा ऐकून रेक्टर धावत आले.

"बाथरूममध्ये पाय घसरला, सर," पैलवान दात आवळून म्हणाला.

रेक्टरांनी फुटका आरसा पाहिला, हाडं पाहिली, घुबडाचा फाटका शर्ट पाहिला. "बाथरूम बरंच लांब आलंय," ते म्हणाले, आणि पैलवानाला आधार देऊन नेऊ लागले. त्याचीही परीक्षा आजच होती. आता सहा महिने थांबा.

दारातून तो वळला. "झोप आता तरी, गाढवा. हाडं मी आल्यावर आवरू."

घुबड झोपला नाही. शर्ट बदलून अकराला परीक्षकांसमोर बसला. त्यांनी ट्रेमधलं एक नाजूक, वळणदार हाड उचलून त्याच्या हातात दिलं.

"कुठलं?"

"क्लॅव्हिकल, सर. गळ्याखालचं."

"बाजू?"

घुबडाने हाड फिरवून पाहिलं. "उजवी."

"सहसा मोडतं कुठे?"

"आतला दोन-तृतीयांश आणि बाहेरचा एक-तृतीयांश भाग जुळतो तिथे." पोपटासारखं आलं. कट्ट आवाजही कानात आला.

"वा! तयारी आहे की. आता शेवटचं. कशाने मोडतं?"

उत्तर पुस्तकात होतं: पडल्याने. पसरलेल्या हातावर भार येऊन. एवढं बोलला की पास. पैलवानाने रेक्टरांना तेच तर सांगितलं होतं. घुबड हातातलं हाड फिरवत राहिला. बाहीखाली मनगटावर दातांचे व्रण ठणकत होते.

"अरे बोल. सोपं आहे."

"मांडीच्या हाडाने मारल्यावर, सर."

परीक्षक खो खो हसले. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"आज सव्वासातला मारलं. माझ्या खोलीतल्या पोराला. तो पडला नाही, सर, मी मारलं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.