सर्व्हरचं सोवळं

देशात उदारीकरण आलं, डॉलर आले, दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर अमेरिकन डॉक्टरांची टिपणं टाइप करून देणारी कंपनीही आली. संदेशला सुट्टी तेवढी आली नाही. कंपनीत सर्व्हर एक आणि तो सांभाळणारा संदेशही एकच. हुद्दा सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटर. गौलीगुड्यातल्या शेजाऱ्यांना वाटे, पोरगा मोठा साहेब झाला. साहेब दिवसभर बोलणी खात असे.

सर्व्हर पडायचा, कारण त्याला पाडायला सगळं ऑफिस झटत होतं. गार हवा फक्त त्याच खोलीत, म्हणून ज्याला त्याला तिथेच काम. हिशेबनीस मुकुंदराव जेवण झालं की सर्व्हरच्या पडद्यावरच पत्ते मांडत. कुणी फूटपाथवरून आणलेल्या फ्लॉपीतून गेम चढवी, सोबत व्हायरस फुकट. मग मालकीणबाई भाग्यलक्ष्मी मॅडम तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावून कडाडत, "संदेश गारू, मेरे कू बहाने नक्को, सर्वर होना!" मदतीला माणूस मागितला, की म्हणत, बघू.

संदेशची लेक नांदेडला आजोळी जन्मली होती. दोनदा त्याने तिकीट काढलं, दोनदा सर्व्हरने मान टाकली. बारसं बापाशिवायच उरकलं. आता पोरगी पालथी पडायला लागली होती. बायको, अश्विनी, फोनवर म्हणाली, "ती ओळखीच्या माणसांनाच हसते हल्ली. यायला जमत नसेल तर फोटो तरी पाठव, दाखवून ठेवते." पीसीओच्या काचेआड साहेबांना रडू आवरेना.

तेवढ्यात नवरात्र आलं. मॅडम पक्क्या देवभोळ्या. आयुधपूजेची तयारी चाललेली बघून संदेश गंभीर चेहरा करून पुढे झाला.

"मॅडम, हम मराठी लोगां में पूजा के बाद हथियार कू हात नै लगाते. कोजागिरी तक. लगाए तो देवी कू गुस्सा आता."

कोजागिरीपर्यंतचा हा नियम त्याने त्याच क्षणी जन्माला घातला होता.

"और काम?" मॅडम दचकल्या.

"काम अपने अपने कीबोर्ड पे चलता. सर्वर बस मडी में रैता."

आपलं सोवळं ती त्यांची मडी. मॅडमना लगेच पटलं.

"और फ्लॉपियां भी हथियारच हैं, मॅडम."

सर्व्हरला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. झाडून सगळ्या फ्लॉपी लाल कापडाखाली गेल्या, मागोमाग मुकुंदरावांचे पत्तेही बंद झाले. खोलीला कुलूप लागलं, किल्ली देवीपुढे ठेवली गेली आणि संदेशने काचीगुड्याला गाडी पकडली.

बापाला बघताच लेकीने भोकाड पसरलं. दोन दिवस ती त्याच्याकडे येईना. तिसऱ्या दिवशी तिने त्याची मिशी मुठीत धरली आणि खुदकन हसली. त्याला वाटलं, आता कंपनी बुडाली तरी बेहत्तर.

कंपनी बुडाली नव्हती. परत आला तर मॅडम प्रसाद घेऊन दारातच.

"देखे? तुम थे तो रोज गिरता था. देवी बैठी तो एक बार बी नै गिरा!"

"म्हणजे दोष सर्व्हरचा नव्हताच म्हणायचा," मुकुंदराव चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले.

संदेशच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं शिकलेली विद्या एका हाराने मातीत घातली! बाई, तुम्ही सगळे लांब राहिलात म्हणून तो उभा राहिला, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. खरं बोलला असता तर शहाणा ठरला असता, आणि उद्यापासून खोलीला कुलूपही राहिलं नसतं. त्याला मिशी आठवली. त्याने प्रसादाबरोबर शहाणपणही गिळलं.

"मॅडम," तो हात जोडून म्हणाला, "ये मडी हर पूनम कू करना पडता."

"हर महीने?"

"हर महीने. और पूजा करनेवाला शहर में नै रैना. गोदावरी में नहाना पडता. नांदेड में."

मॅडमनी डोळे मिटून देवीला हात जोडले आणि वळून फर्मावलं, "मुकुंदराव, इनका टिकट कंपनी से निकालो. हर महीने, आने-जाने का. सर्वर का काम है."