चुन्यावरचा चहा

एकतीस साली लेकीचं लग्न आठवड्यावर आलं, म्हणून मी घरातल्या सगळ्या चुली पाडून नव्या घातल्या. त्या ओल्या असतानाच तिच्या होणाऱ्या सासूबाई, द्वारकाबाई, न कळवता संगमेश्वराहून रत्नागिरीला येऊन टेकल्या. पायरीवर बसून म्हणाल्या, "आमच्याकडे विहिणीला आल्याआल्या चहा मिळतो."

माझं डोकंच फिरलं. अंगणात आमचे हे भिंतींसाठी चुनकळीवर पाणी ओतत होते. शिंपल्या भाजून केलेली ती चुनकळी रटरटायला लागली, वाफा निघाल्या. मी चहाच्या पाण्याची चरवी झाकण घट्ट बांधून सरळ त्यात बसवली.

"जाळ कुठाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"भट्टीने आधीच शिंपल्यांत कोंडून ठेवलाय," हे म्हणाले. "पाणी मिळालं की बाहेर पडतो."

पाणी खरंच उकळलं. दोन कप चहा पिऊन द्वारकाबाई खूश झाल्या. तिसऱ्यासाठी त्यांनी स्वतःच चुन्यावर तांब्याभर पाणी ओतलं, पण काहीच झालं नाही.

"विझला तो, विहीणबाई," मी म्हटलं. "आता परत भट्टीत घातल्याशिवाय तापायचा नाही."

लग्नात रिवाजाप्रमाणे वरमाईने रुसायचं होतं. द्वारकाबाई तोंड फुगवून पाटावर बसल्या. मी समजूत काढायला वाकले, आणि त्यांना हसूच फुटलं.

"अगो, नीट रूस की," त्यांची नणंद दटावू लागली.

"कशी रुसू?" त्या म्हणाल्या. "माझा चुना हिने मागेच विझवलाय."