पद्मजाबाईंचा पगार आणि मी

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. मला तोंड नाही, पण डोळा चांगला आहे. जन्म जर्मनीतला. बोटीने मुंबईला आलो आणि मुलुंडच्या एका औषध कारखान्यात, प्रयोगशाळेच्या टेबलावर स्थिरावलो.

माझ्यावर काम करायच्या त्या पद्मजा कर्णिक. बी.एस्सी. झालेल्या, तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. औषधात जंतू शिरलेत का, हे त्या माझ्यातून पाहत. आई आणि दोन धाकटी भावंडं त्यांच्याच पगारावर होती.

मग विद्याधर आला. शिक्षण तेवढंच, स्वभाव गोड. पद्मजाबाईंनी त्याला हाताखाली घेऊन शिकवलं. सुरुवातीला तर तो स्वतःच्या पापण्यांनाच जंतू समजायचा.

पहिल्या पगाराचे पेढे वाटताना तो सहज आकडा बोलून गेला. पद्मजाबाईंपेक्षा चाळीस रुपये जास्त. पेढा त्यांच्या हातातच राहिला.

प्रयोगशाळेचे साहेब टेबलाशी आले, तेव्हा पद्मजाबाईंनी त्यांना या फरकाबद्दल सरळ विचारलं.

"अहो, पुरुषमाणसाला घर चालवायचं असतं," साहेब म्हणाले.

पद्मजाबाई वळल्या. "विद्याधर, तू घरी किती देतोस रे?"

"वडील घेतच नाहीत," तो ओशाळला. "सगळे पैसे सिनेमातच जातात."

साहेबांना हसू आलं, पण "पद्धतच आहे तशी" म्हणून ते निघून गेले.

पद्मजाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. घाटकोपरच्या एका कारखान्यात त्यांनी पुरुषांइतका पगार कबूल करून घेतला आणि इथे राजीनामा पुढे केला. साहेबांचा चेहरा उतरला.

"थांबा. विद्याधरइतका देतो."

मला वाटलं, झालं काम. पण बाई म्हणाल्या, "आणि विमलाला?"

विमला शेजारच्या टेबलावर तेच काम तसल्याच कमी पगारात करायची. तिने मान खाली घातली.

"तिने कुठे मागितलाय?"

"मी मागतेय. नाहीतर मी निघाले."

"साहेब, देऊन टाका ना," विद्याधर म्हणाला. "या गेल्या तर आपली वाट लागेल."

साहेबांनी राजीनामा परत केला. "बरं. तिलाही."

त्या दुपारी विमलाने माझी भिंगं उगाचच दोनदा पुसली.

आता मी वाकोल्याच्या एका शाळेत असतो. स्क्रू सैल झालाय, नजर पूर्वीसारखी ठरत नाही. मुली माझ्यातून कांद्याचा पापुद्रा पाहतात आणि "अय्या" म्हणतात. पोरींनो, उद्या नोकरीला लागलात की शेजारच्याला किती मिळतं, हे बेधडक विचारा. तोवर मला जरा सांभाळून फिरवा. अजून पुष्कळ जणींना दाखवायचंय.