सरावाचा निळा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना निळा पट्टा आहे. हातापायाला खोल जखम झाली आणि रक्त थांबेनासं झालं, की जखमेच्या वर मला बांधतात आणि माझ्या अंगावरची दांडी पिळतात. मी आवळतो, रक्त थांबतं. मला टूर्निकेट म्हणतात.

खऱ्या कामाचे पट्टे काळे असतात. मी निळा, म्हणजे फक्त सरावाचा.

माझा जन्म

तो नंतर सांगतो. आत्ता मी गंधारच्या दंडावर आहे. ऑस्ट्रेलियात, वेरिबीतल्या त्याच्या बॅकयार्डमध्ये पत्र्याचं कुंपण कापताना ग्राइंडर उसळला आणि कोपराच्या आत लागला. शेजारच्या चित्राने आपल्या गाडीच्या डिकीतून मला ओढून काढलं, बांधलं आणि पहिला पीळ दिला.

"थांबलं?" गंधारची बायको निहारिका विचारते. फोन तिच्या कानाला आहे.

"नाही अजून."

माझी नोकरी

डार्विनला, आर्मीच्या मेडिकल ट्रेनिंगमध्ये. शिकणारे एकमेकांच्या दंडावर मला आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. चित्रा त्यांच्यातलीच. डोळे बांधले तरी तिचे हात चुकत नसत. कौतुक तिचं झालं. मी आतून झिजलो. म्हणूनच नियम आहे, की सरावाचा पट्टा खऱ्या जखमेवर…

दुसरा पीळ.

दांडी कुरकुरते. ते चित्राला ऐकू येतं.

निहारिका फोनवर सांगते, "येस, येस, वुई हॅव अ पॅरामेडिक हिअर."

"निहारिका, तसं नको सांगूस."

"अगं, आहेस ना तू?"

"आर्मीत मेडिक होते. पॅरामेडिकचं रजिस्ट्रेशन अजून आलेलं नाही. त्याच्याशिवाय पॅरामेडिक म्हणवून घेणं गुन्हा आहे. माझा अर्ज अडकेल."

"आत्ता हे बघायचंय तुला?"

"त्यांना खरं कळू दे. माझ्याकडे औषध नाही, सलाइन नाही. शेजारीण आहे म्हण, आर्मीत शिकलेली. पट्टा सरावाचा आहे, तेही सांग."

निहारिका फोन दुसऱ्या कानाला लावते. मग सांगते.

माझी उपेक्षा

आर्मी सोडताना चित्राने काळे पट्टे परत केले. मला कुणी मागितलंच नाही. इथे मी किराण्याच्या पिशव्यांखाली पडून होतो. चित्रा फार्मसीच्या काउंटरवर उभी राहते आणि रजिस्ट्रेशनच्या ईमेलची वाट…

गंधार कण्हतो. पुण्याहून आलेले त्याचे वडील, मुरलीधरकाका, गुडघ्यांवर बसतात.

"पोरी, हात निळा पडला बघ. जरा सैल कर. थोडं रक्त खेळू दे."

"नाही काका."

"अगं, हात जाईल त्याचा."

"सैल केला तर गंधार जाईल."

काकांची बोटं माझ्या दांडीवर येतात. माया आहे त्यांत, आणि जोरही.

"काका, मला शिव्या द्या हव्या तर. पण हात काढा."

"काढा हो, बाबा," गंधार पुटपुटतो. "आर्मीवाली आहे. मारेल."

बोटं निघतात.

तिसरा पीळ. रक्त थांबतं आणि माझ्या दांडीला तडा जातो. एरवी पिळलेली दांडी माझ्या खाचेत अडकवून सोडतात; तडकलेली तिथे टिकणार नाही, म्हणून चित्रा ती अडकवत नाही. दोन्ही मुठींत धरून बसते. सायरन लांब आहे. मग जवळ येतो.

"यू द पॅरामेडिक?" अँब्युलन्सवाला विचारतो.

"नो. एक्स-आर्मी मेडिक. नॉट रजिस्टर्ड येट."

"नो वरीज, मेट. डोन्ट लेट गो."

तो माझ्या वरच्या बाजूला काळा पट्टा बांधतो, पिळतो, नाडी बघतो. मगच चित्राला सोडायची खूण करतो. तिने मुठी उघडल्या आणि माझी दांडी मोडली.

आता मी पिवळ्या पिशवीत आहे, दूषित कचऱ्यात. पिशवीचं तोंड बांधेपर्यंत गंधार स्ट्रेचरवरून काकांना जेवून घ्यायला सांगत होता. चित्राने खिशातला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला. ईमेल आलेली नव्हती.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारे माझ्यासारखे जुने शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, जपू नका. थकलेला पट्टा फेका, खरा घ्या आणि तो आवळायला शिकून घ्या. आणि कुणी तो धरून बसलं असेल, तर मायेनेही त्या मुठीला हात लावू नका.