हसेना तो व्हायोलिनवाला

हॉलंडमधल्या हार्लेम गावात हिस्केचा पब होता. सोमवारी तो बंद असे. पन्नाशी उलटल्यावर अशाच एका सोमवारी ती ओटेलीनबाईंच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन थडकली आणि म्हणाली, "मला तैलरंग शिकायचेत. फुलं-बिलं नकोत. माणसं हवीत."

जुन्या चित्राची नक्कल केल्याशिवाय हात तयार होत नाही, असं ओटेलीनबाईंचं ठाम मत. त्यांनी तिला थेट संग्रहालयात नेऊन साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रासमोर उभं केलं. दारूचा गुत्ता, पत्ते कुटणारे दोघे, हाडूक चघळणारं कुत्रं, आणि मधोमध पिंपावर बसून तोंडभर हसणारा व्हायोलिनवाला.

"हे?" हिस्केला हसू आलं. "म्हणजे सुट्टीच्या दिवशीही गिऱ्हाइकंच!"

आधी सगळं चित्र नुसत्या तपकिरी रंगात उतरवायचं, उजेड आणि अंधार तेवढा दाखवायचा. ते वाळलं की पातळ रंग, त्यावर तेलकट. दर सोमवारी संग्रहालयात त्या चित्रासमोरच बसून हिस्के चिकाटीनं शिकत गेली. कुत्रं जमलं, पिंप जमलं. पेल्याची काच तर अशी चमकली की ती स्वतःवरच खूश झाली. व्हायोलिनवाला मात्र काही केल्या हसेना.

एकदा तिचा भाऊ रिनुस बघायला आला. बराच वेळ मान तिरकी करून उभा राहिला.

"याची दाढ दुखतेय का गं?"

"गप बस."

"नाही, खरंच. का तू बिल जास्त लावलंस बिचाऱ्याला?"

ओटेलीनबाई मागेच होत्या. "तुझा भाऊ बरोबर बोलतोय, हिस्के. तू हसू ओठांत शोधतेस. रडणाऱ्याचे ओठही असेच ताणलेले असतात. हसू असतं डोळ्यांखाली, गालात. खरवडून टाक."

"सगळा चेहरा?"

"सगळा."

भोवती बघे जमले होते. हिस्केचे कान तापले. पण तिनं सुरी उचलली आणि इतक्या आठवड्यांची मेहनत एका दमात खरवडून काढली. मागे कुणीतरी हळहळलं. ती वळलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पब उघडण्याआधी तिनं रिनुसला खिडकीशी बसवलं. "हस."

त्यानं दात दाखवले.

"असं नाही रे. ते तर तू बायकोच्या माहेरच्यांसमोर हसतोस तसं झालं."

"मग काहीतरी हसण्यासारखं बोल की!"

"बाबा कालव्यात पडले तो दिवस आठव. हातातला हेरिंग मासा काही सोडला नव्हता त्यांनी."

रिनुस फुटलाच. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हिस्के त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली. गाल वर चढला होता आणि त्या गालानं खालची पापणी अर्धी गिळली होती. नाकाशेजारी एक घडी पडली होती. तिनं भराभर कागदावर रेघा ओढल्या.

"अगं, तू तरी हस!" रिनुस धापा टाकत म्हणाला. "बहीण आहेस की दातांची डॉक्टर?"

पुढचे सोमवार तिनं फक्त त्या गालावर घालवले. शेवटी खालच्या पापणीला मळकट लाल रंगाचा एक बारीकसा ठिपका दिला, आणि व्हायोलिनवाला हसला. शेजारून जाणारे एक आजोबा सहज थबकले. मूळ चित्राकडे नाही, तिच्याच चित्राकडे बघता बघता त्यांचा चेहरा आपसूक खुलला. ते पुढे निघून गेले.

एरवी ओटेलीनबाई येताच हिस्केच्या हातातला ब्रश काढून घेऊन स्वतःच दुरुस्ती करत. आज त्यांनी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"मागच्या बाजूला लिही, 'नक्कल'. आणि खाली तुझं नाव. मोठ्या अक्षरात."

"कागदात गुंडाळून नेऊ ना?"

"ने की."

"पण रंग ओला आहे," हिस्के स्वतःच म्हणाली. "पुसला जाईल."

रंग ओला होता हे खरंच. पण म्हणून काही बाजारातला लांबचा रस्ता धरायची गरज नव्हती. हिस्केनं तोच धरला. चित्राचं तोंड लोकांकडे करून, चीजवाल्याच्या आणि फुलवालीच्या समोरून, ताठ मानेनं, अजिबात घाई न करता ती घरी गेली.