जन्मसालाला पडलेलं भोक

माझ्या नातीला कामावर घ्यायचं हे त्या कंपनीच्या कटिंग मास्तरनं तिच्या हातातली कात्री बघून जागच्या जागी ठरवलं होतं. टेबलावर कापडाचे थर रचलेले, वर खडूनं आखलेलं, आणि हिनं बाहीची गोलाई अशी कापली की वरचा थर आणि खालचा थर यांत केसाचा फरक नाही. मास्तर शेजारच्या माणसाला म्हणाला, "ही पाहिजे." गोष्ट एवढ्यावर संपायला हवी होती. आमच्या वेळी संपायची. पण आता मास्तरला माणूस नेमता येत नाही, फक्त सुचवता येतो. सुचवलं की माणसाला वरच्या मजल्यावर पाठवतात, जिथे कापडाचा धागासुद्धा चुकून उडून जात नाही.

वरच्या मजल्यानं तिच्याकडे ओळखपत्र, जन्मदाखला आणि शाळेचे सगळे दाखले मागितले. मूळचे, झेरॉक्स चालणार नाही. शिवाय प्रश्न होतेच. वडील काय करतात, आईला जुनाट आजार कोणता, लग्न ठरलंय का, ठरलं नसेल तर विचार कधीचा आहे. शेजारच्या दोन घरांतल्या माणसांची नावंसुद्धा हवी होती. आमच्या शेजारच्या घरातला माणूस गेली कित्येक वर्षं भिंतीवर ठोकाठोकी करण्यापलीकडे आमच्याशी काही बोललेला नाही. हिची कात्री कशी चालते हे तो सांगणार होता की काय, कोण जाणे. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, घरातल्या एका जबाबदार वडीलधाऱ्या व्यक्तीनं समक्ष हजर राहायचं. पंचविशी ओलांडलेली बाई, स्वतःचं पोट स्वतः भरते, आणि तिच्यासोबत कुणीतरी मोठं माणूस हवं.

लेक आणि जावई दोघंही कामावर. तेव्हा जबाबदार व्यक्ती म्हणून मी निघाले.

"आजी, तिथे तू काही बोलू नकोस हं," नात वाटेत म्हणाली.

मी म्हटलं, मी कशाला बोलते.

तिला हे काम किती हवं होतं ते मला ठाऊक होतं. ती ज्या दुकानात बसायची तिथे दिवसभर लोकांच्या पँटा आखूड करायच्या, चेन बदलायच्या, फाटलेले खिसे लावायचे. अख्खं कापड पसरून त्यातून काही घडवायचं, असं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. घरी आली की जुन्या चादरींवर आखत बसायची. "लोकांच्या पँटा आखूड करता करता मीच आखूड व्हायचे एक दिवस," असं हसत हसत म्हणायची, पण हसणं वरवरचं असायचं.

मी स्वतः तयार कपड्यांच्या कारखान्यात लागले तेव्हा मास्तरनं माझ्यापुढे सदऱ्याची एक बाही आणि एक अंग टाकलं आणि म्हणाला, जोड. मी जोडलं. त्यानं शिवण उलटी करून बघितली, नखानं खरवडली, ओढून बघितली. "उद्यापासून ये." बस्स. माझं नाव त्यानं विचारलंच नाही. मी डाव्या हातानं कापायची म्हणून त्यानं मला 'डावखुरी' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळा कारखाना तेच म्हणू लागला. मास्तर काही देवमाणूस नव्हता. तोंडानं फटकळ, चूक झाली की सगळ्यांदेखत सालपटं काढायचा. पण माझ्या आईला कोणता आजार आहे हे त्याला ठाऊक झालं ते ती आजारी पडली तेव्हा, आणि मला लवकर घरी जा म्हणायला त्यानं कागद मागितला नाही.

असो. वरच्या मजल्यावर एक बाई बसली होती. गळ्यात फीत, फितीला तिचाच फोटो. जणू तिची तिलाच आठवण राहायला हवी. मी मनातल्या मनात तिचं नाव 'कागदवाली' ठेवलं. तिच्या टेबलाला टेबल लावून तपासनीस बसला होता. दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती, पण कागद तसाच त्याच्याकडे सरकवता येत नव्हता. आधी भोकं पाडून फाईलला लावायचा, मग फाईल त्याच्यासमोर ठेवायची. फाईलला न लावलेला कागद तपासायचा नाही, अशी तिथली पद्धत.

कागदवालीनं नातीचे सगळे कागद एकत्र केले, टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि भोकं पाडायच्या यंत्रात घालून वरून दाबलं. मान खाली घालून बघितलंसुद्धा नाही. तपासनीसानं फाईल उघडली, चाळली आणि जन्मदाखल्यावर येऊन थांबला.

"जन्मसाल नाही."

खरंच नव्हतं. दाखला जुन्या पद्धतीचा, छोटासा. तारीख अगदी डाव्या कडेला, एकाखाली एक लिहिलेली. दिवस होता, महिना होता, आणि साल होतं तिथे स्वच्छ गोल भोक.

कागदवालीनं भोकाकडे बघितलं, मग नातीकडे. "मग दुसरा मूळ दाखला आणावा लागेल."

दुसरा मूळ. मी कपाळाला हात लावला. हाच मिळवायला माझ्या लेकीनं जिवाचं रान केलं होतं. नोंदींचं कार्यालय दुसरीकडे हललं, जुनी बाडं भिजली, तिथल्या माणसानं उपकार केल्यासारखा चेहरा करून एकदाचा हा दाखला काढून दिला होता.

नातीचा चेहरा उतरलेला मला बघवेना. बोलायचं नाही असं कबूल केलं होतं, पण मी म्हटलं, "बाई, साल कुठे गेलेलं नाही. तुमच्या यंत्राच्या पोटात आहे. उघडा."

तिनं यंत्राचं बूड उघडलं आणि टेबलावर कागदी टिकल्यांचा ढीग ओतला. मग ती, तपासनीस आणि मी असे तिघंजण वाकून तांदळातले खडे निवडावेत तसे त्या टिकल्या निवडू लागलो. कशात अर्धा शिक्का, कशात सहीचं शेपूट. एका टिकलीत तर कुणाचा तरी अख्खा डोळा होता, फोटोतला. तो आमच्याकडे टक लावून बघत होता. या मजल्यावर किती जणांचं काय काय कापलं गेलं होतं, आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

"सापडलं," तपासनीस म्हणाला. त्यानं एक टिकली भोकात बसवली, वर चिकटपट्टी लावली आणि मागे सरून कौतुकानं बघू लागला. मी चष्मा सावरून वाचलं. त्या सालाप्रमाणे माझी नात तिच्या आईच्या वयाची होत होती.

"म्हणजे मायलेकी जुळ्या झाल्या का हो?" मी विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. साल आहे की नाही एवढंच बघणं त्याचं काम होतं. बरोबर की चूक हे डॉक्टरी तपासणीत कळतं, असं त्यानं मला समजावलं. कागदवालीलाही ते पटलं. तिनं फाईल बंद केली आणि सांगितलं की हे सगळे मूळ कागद आता कंपनीच्या कपाटात राहतील, नोकरी सोडाल तेव्हा परत मिळतील. सगळ्यांचेच असतात. सुरक्षित राहतात.

मी उठले. चल घरी, म्हणणारच होते. पण नात खुर्चीवरून हलली नाही. तिनं फाईलवर हात ठेवला, आणि कापड कापायच्या आधी ते सपाट करते तसा तो हळूच फिरवला.

"ठेवा ना मॅडम, माझी काही हरकत नाही," ती म्हणाली. "फक्त एक ओळ लिहून द्या. दाखला मी धडधाकट दिला होता आणि त्याला भोक इथे पडलं. खाली तारीख आणि तुमची सही."

"तसं लिहून देता येत नाही."

"का?"

"तशी पद्धत नाही."

"मी माझ्या आईच्या गुडघेदुखीपासून सगळं लिहून दिलं, मॅडम. तुम्ही एक ओळ द्या."

तपासनीसाला अचानक शेजारच्या खोलीत काम निघालं. कागदवाली काही वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसली. शेवटी उठून आतल्या साहेबांकडे गेली. काचेपलीकडे साहेबांची मान दोनदा आडवी हललेली दिसली.

बाई बाहेर आली तेव्हा आवाजात साखर. खाली प्रवेशाच्या खिडकीत कागदांचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घातलेलेच होते, ते चालतील. मूळ कागद घरी न्या. म्हणजे साल त्यांच्याकडे आधीपासून होतं, आणि आम्ही टिकल्या निवडत होतो. साऱ्या जगाचं लेखी मागणाऱ्यांना स्वतःची एक ओळ लिहायची म्हटल्यावर घाम फुटला.

नातीनं आपले कागद एक एक करून फाईलमधून सोडवले. जन्मदाखल्यावरची चिकटपट्टी नखानं अलगद सोलली आणि ती टिकली कागदवालीच्या पुढ्यात ठेवली.

"हे ज्याचं असेल त्याला द्या."

जिना उतरताना तिनं माझा दंड धरला. खाली मास्तर एका कापडाचा उभा धागा बघत होता. त्यानं विचारलं, झालं का वरचं? ती म्हणाली, झालं. मग उद्या वेळेवर ये, आणि केस बांधून ये, असं तो म्हणाला आणि पुन्हा कापडाकडे वळला. मला तो माणूस आवडला.

आता ती तिथे रमली आहे. जेवणाच्या सुट्टीत तिनं ही गोष्ट सोबतच्या बायकांना सांगितली, आणि त्यांतली एकेक जण वर जाऊन आपले कागद बघायला मागू लागली. कुणाच्या दाखल्यात बापाच्या नावाला भोक, कुणाच्या शिक्क्याला. प्रत्येकीनं ती एक ओळ मागितली, आणि प्रत्येकीला कागद परत मिळाले. कपाट म्हणे निम्मं रिकामं झालंय.

वरच्या मजल्यानं मग चौकशी बसवली. दोष यंत्राचा निघाला.